सत्यमची रोकड कोणी मोजली?

७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कंपनीचे हिशेब वर्षानुवर्षं फुगवल्याची कबुली दिली. वाघावर बसलो होतो, उतरावं तर तो खाणार, अशा अर्थाचं त्यातलं वाक्य तेव्हापासून प्रत्येक लेखात येत आलं आहे. इंजिनिअरच्या कामाचा ऐवज मात्र त्याच्या बराच वर आहे, पत्राच्या पहिल्या दोन मुद्द्यांत. तिथे जेमतेम डझनभर आकडे आहेत. पण ते एकमेकांना लावून पाहिले की नफा म्हणजे नेमकं काय, तो बॅलन्स शीटमध्ये, म्हणजे ताळेबंदात, कुठे जाऊन बसतो आणि बँकेतल्या पैशाशी त्याचं नातं काय, हे एका बैठकीत उलगडतं. सोबत कागद आणि कॅल्क्युलेटर असू द्या.

पत्रातले आकडे

३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदाबद्दल राजू यांनी चार गोष्टी कबूल केल्या. पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. ३७६ कोटींचं उपार्जित व्याज, म्हणजे मिळायचं बाकी आहे असं दाखवलेलं व्याज, तेही नव्हतं. १,२३० कोटींचं देणं पुस्तकात दाखवलेलंच नव्हतं. आणि ग्राहकांकडून येणं २,६५१ कोटी दाखवलं होतं, त्यात ४९० कोटी फुगवलेले होते.

दुसऱ्या मुद्द्यात त्याच सप्टेंबर तिमाहीचा नफा-तोटा होता:

| | जाहीर केलेले (कोटी रु.) | खरे (कोटी रु.) |
|---|---|---|
| उत्पन्न | २,७०० | २,११२ |
| कामकाजाचा नफा | ६४९ | ६१ |
| नफ्याचं प्रमाण | २४ टक्के | ३ टक्के |

आता पहिली वजाबाकी. उत्पन्नातून नफा वजा केला की खर्च उरतो. जाहीर आकड्यांत २,७०० वजा ६४९, म्हणजे २,०५१. खऱ्या आकड्यांत २,११२ वजा ६१, म्हणजे पुन्हा २,०५१.

दोन्हीकडे खर्च रुपयाला रुपया तोच. पगार खरे होते, भाडं खरं होतं, विमानाची तिकिटं खरी होती. खोटं होतं ते फक्त उत्पन्न, ५८८ कोटींचं. खोट्या उत्पन्नामागे काम करणारा माणूस नसतो, म्हणून त्याला खर्चही नसतो आणि ते अख्खंच्या अख्खं नफ्यात उतरतं. उत्पन्न २८ टक्क्यांनी फुगवलं, नफा मात्र दहा पटींहून जास्त झाला. मार्जिन, म्हणजे नफ्याचं प्रमाण, पातळ असलेल्या धंद्यात उत्पन्नाच्या आकड्याला हात लावायचा मोह का होतो, ते या एका ओळीत दिसतं.

६१ कोटींचा तो खरा नफा किती नाजूक होता तेही बघून ठेवा. खर्च ३ टक्क्यांनी वाढला तर २,०५१ चे २,११२ होतात आणि नफा शून्यावर येतो. सॉफ्टवेअर कंपनीची कमाई बहुतांश डॉलरमध्ये आणि पगाराचा मोठा भाग रुपयांत. २००७ साली डॉलर ४४ रुपयांच्या आसपासून ३९-४० वर उतरला होता. अशा हालचालीत ३ टक्के कधी वाहून जातात कळतही नाही.

एका बिलाचं आयुष्य

हिशेबाची पद्धत जवळून पाहिल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून एक कोटीचं एक खरं बिल घेऊ. टीमने महिनाभर काम केलं, टाइमशीट भरल्या, प्रोजेक्ट मॅनेजरने मंजूर केल्या, बिल ग्राहकाला गेलं. त्या दिवशी पुस्तकात नोंद पडते (नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट):

ग्राहक, नावे १ कोटी. विक्री, जमा १ कोटी.

बँकेत अजून एक पैसा आलेला नाही, तरी उत्पन्न लागलं. बहुतेक इंजिनिअर इथेच पहिल्यांदा अडखळतात. पण पद्धत बरोबर आहे. काम या महिन्यात झालं, त्याचा पगार या महिन्याच्या खर्चात पडला, तर कमाईही याच महिन्यात दिसली पाहिजे. नाहीतर एका महिन्यात नुसता तोटा आणि तीन महिन्यांनी नुसता नफा दिसेल. याला उपार्जन पद्धत म्हणतात.

महिनाअखेरीला पगाराची नोंद: पगार खर्च, नावे ७० लाख. बँक, जमा ७० लाख. आणि साधारण तीन महिन्यांनी ग्राहकाचे पैसे आले की: बँक, नावे १ कोटी. ग्राहक, जमा १ कोटी. या शेवटच्या नोंदीने नफ्यात काहीच फरक पडत नाही, हे नीट लक्षात घ्या. नफा आधीच लागला होता. इथे फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात, 'येणं' या खात्यातून 'बँक' या खात्यात, मालमत्ता सरकली.

(नावे-जमाच्या बाबतीत एक अडचण नेहमीची. बँकेच्या पासबुकात पैसे भरले की 'जमा' लिहिलेलं असतं आणि इथे बँकेत पैसे आले तर 'नावे'. पासबुक ही बँकेची वही आहे. तुमचे पैसे हे बँकेचं देणं, म्हणून तिच्या वहीत जमा. तुमच्या वहीत तीच गोष्ट उलटी पडते.)

खोट्या बिलाला फक्त पहिली नोंद असते. ग्राहक नावे, विक्री जमा. मागे टाइमशीट नाही, पुढे ग्राहकाचा चेक नाही. नावे आणि जमा दोन्ही बाजूंना सारखीच रक्कम पडली, म्हणून तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बेरजांचा तक्ता, मात्र अगदी चोख जुळते. दुहेरी नोंद पद्धत बेरजेची चूक पकडते. दोन्ही बाजूंना सारखंच खोटं लिहिलं तर ती गप्प बसते.

सत्यममध्ये ही बिलं कशी घुसवली याचं वर्णन अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाने, एसईसीने, २०११ साली केलं. ६,००० हून जास्त बनावट बिलं. ती बिलिंगच्या प्रणालीत 'सुपर यूझर' अधिकार वापरून टाकली आणि व्यवसाय विभागांच्या प्रमुखांना दिसणार नाहीत अशी लपवली. विभागप्रमुखाला आपल्या स्क्रीनवर आपलीच खरी बिलं दिसत होती आणि कंपनीच्या एकूण खतावणीत त्याहून जास्त बेरीज जात होती. प्रॉडक्शन डेटाबेसमध्ये थेट लिहिण्याचा अधिकार आणि त्याची लॉगमध्ये नोंद नाही, ही जोडी किती वाईट, हे सिस्टिम्सच्या माणसाला समजावून सांगायला नको. भारतात १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी आणि बंद न करता येणारी ऑडिट ट्रेल सक्तीची झाली आहे.

खोटं येणं बँकेत का न्यावं लागलं

खोटं बिल तयार केलं की ते 'येणं' या खात्यात बसतं. मग तिथेच का ठेवलं नाही? एवढ्या खटाटोपाने रोकड का फुगवली? कारण येण्याच्या खात्यावर सगळ्यांचं लक्ष असतं आणि ते मोजायचं साधं माप आहे: येणं भागिले तिमाहीचं उत्पन्न, गुणिले तिमाहीचे दिवस. विक्रीचे पैसे सरासरी किती दिवसांनी हातात येतात ते यातून कळतं. जुलै ते सप्टेंबर ९२ दिवस.

जाहीर आकड्यांवरून: २,६५१ भागिले २,७००, गुणिले ९२. उत्तर ९० दिवस. खऱ्या आकड्यांवरून: खरं येणं २,१६१, भागिले २,११२, गुणिले ९२. उत्तर ९४ दिवस. म्हणजे खोट्या पुस्तकात हे माप खऱ्यापेक्षा चांगलं दिसत होतं! आता ते ५,०४० कोटी रोकडीऐवजी येण्यातच पडून राहिले असते असं समजा. येणं ७,६९१ कोटी, आणि दिवस २६२. पहिल्याच विश्लेषकाने विचारलं असतं की तुमचे ग्राहक नऊ-नऊ महिने पैसे का देत नाहीत.

म्हणून खोट्या बिलाची 'वसुली' दाखवावी लागली: बँक नावे, ग्राहक जमा. त्यासाठी बँकेची बनावट स्टेटमेंट्स. हे काम घाईत झालेलं नव्हतं, असं आकडेच सुचवतात. तिमाहीचं खोटं उत्पन्न ५८८ कोटी आणि शिल्लक खोटं येणं ४९० कोटी. तेच सूत्र लावलं तर ७७ दिवस. म्हणजे हिशेबाने बनावट बिलसुद्धा खऱ्यासारखं अडीच महिने येण्यात राहून मग 'वसूल' होत होतं. आणि दर तिमाहीला तेवढीच खोटी रोकड चढत होती. सप्टेंबर तिमाहीत ती ५८८ कोटींनी वाढली, असं पत्रातच लिहिलं आहे.

रोकड फुगली की पुढचं लचांड मागे लागतं. बँकेत एवढे पैसे आहेत तर त्यांचं व्याज कुठे आहे? मग खोट्या मुदत ठेवी आणि त्यांवर खोटं व्याज. नोंद: उपार्जित व्याज नावे, व्याजाचं उत्पन्न जमा. ३७६ कोटी हे ५,०४० कोटींच्या साडेसात टक्क्यांच्या जवळ जातात, म्हणजे ठेवींच्या तेव्हाच्या दराने साधारण एका वर्षाचं व्याज. खऱ्या ठेवीवर व्याज ठरलेल्या तारखेला खात्यात पडतं आणि उपार्जित व्याजाचं खातं रिकामं होतं. इथे ते रिकामं व्हायला पैसाच नव्हता.

दाखवलं नाही ते देणं

चारपैकी १,२३० कोटींचा मुद्दा समजायला सगळ्यात अवघड, आणि वाचणाऱ्यांचा हमखास सुटतो तो. कंपनीचा खर्च खरा होता आणि खरी कमाई त्याला जेमतेम पुरत होती. लाभांश वाटायचा तर तो खऱ्या पैशात. नवी इमारत, नवी कंपनी विकत घेणं, हेही खऱ्या पैशात. बनावट ठेवपावतीने कुणाचा पगार होत नाही. पत्रात राजू सांगतात की प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मालकांचे, सगळे शेअर गहाण टाकून आणि ओळखीच्यांकडून उचलून कंपनीला १,२३० कोटी आणले, आणि ते पुस्तकात दाखवले नाहीत.

हे पैसे बँकेत खरोखर आले, म्हणजे 'बँक नावे' ही नोंद आहेच. मग जमा कुठे? नियमाने ती 'कर्ज' या खात्यात हवी. कर्ज दाखवायचं नसेल तर दुसरं कुठलं तरी खातं जमा करावं लागतं, आणि सगळ्यात सोयीचं खातं म्हणजे बनावट ग्राहकांचं. उसने आणलेले पैसे 'ग्राहकाने बिल भरलं' म्हणून बसतात आणि मग पगारात खर्च होऊन जातात. पत्रात ही नोंद दिलेली नाही. पण नावे-जमाचा ताळा बसवायचा तर वाट एवढीच उरते.

आता सगळं एकत्र करू. केमिकलवाले मटेरियल बॅलन्स करतात तसं: आत गेलं किती, आणि ते कुठे साठलं. ५,०४० रोकडीत, ३७६ उपार्जित व्याजात, ४९० येण्यात, आणि १,२३० उसन्या पैशाने 'वसूल' होऊन खर्चात गेले. एकूण ७,१३६ कोटी. पत्राप्रमाणे ही सगळी तफावत वर्षानुवर्षं फुगवलेल्या नफ्याची होती. नफा साठून कुठे जातो? भागधारकांच्या राखीव निधीत. पुस्तकातला राखीव निधी होता ८,३९२ कोटी. त्यातून ७,१३६ गेले की उरतात १,२५६. शंभरातले ८५ रुपये हवेत.

बॅलन्स शीटची दुरुस्ती पत्रातल्या आकड्यांनी करायची झाली तर एवढ्याच नोंदी: राखीव निधी नावे ७,१३६. बँक जमा ५,०४०, उपार्जित व्याज जमा ३७६, ग्राहक जमा ४९०, कर्ज जमा १,२३०. वजनकाटा पुन्हा समतोल. अर्थात हे पत्रापुरतं. सप्टेंबर २०१० मध्ये नव्या व्यवस्थापनाने दुरुस्त केलेले हिशेब जाहीर केले तेव्हा भोक याहून मोठं निघालं आणि २००८-०९ चा तोटा ८,००० कोटींच्या वर गेला.

खरी रोकड किती होती? ५,३६१ वजा ५,०४०, म्हणजे ३२१ कोटी. तिमाहीचा खर्च २,०५१ कोटी, दिवसाला सव्वाबावीस कोटींच्या आसपास. ३२१ कोटींत चौदा दिवस निघतात. सुमारे ५३,००० माणसांची कंपनी पगाराच्या एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंतही तरली नसती.

मेटासचा प्रयत्न

पत्राच्या तीन आठवडे आधी, १६ डिसेंबर २००८ ला, सत्यमच्या संचालक मंडळाने राजू कुटुंबाच्याच दोन कंपन्या विकत घ्यायचं ठरवलं: मेटास प्रॉपर्टीज पूर्ण, आणि मेटास इन्फ्रामधला ५१ टक्के हिस्सा. एकूण किंमत १.६ अब्ज डॉलर. 'मेटास' हे 'सत्यम'चं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं की येणारं नाव. सॉफ्टवेअर कंपनीने जमिनी आणि बांधकामाच्या कंपन्या का घ्याव्यात, हे भागधारकांना पटलं नाही. अमेरिकेत सत्यमचा भाव कोसळला आणि काही तासांत व्यवहार मागे घेतला गेला.

हिशेबाच्या नजरेने तो प्रस्ताव भलताच अर्थपूर्ण होता. १.६ अब्ज डॉलर म्हणजे तेव्हाच्या साधारण ४८ रुपयांच्या दराने ७,७०० कोटींच्या घरात. भोक ७,१३६ कोटींचं. नोंद पडली असती: मेटासमधली गुंतवणूक नावे, बँक जमा. नसलेली रोकड 'दिली' गेली असती, बदल्यात खऱ्या जमिनी पुस्तकात आल्या असत्या, आणि घेणारे घरचेच असल्याने पैशांचा तगादा लावणारं कुणी नव्हतं. खोटी मालमत्ता खऱ्या मालमत्तेने भरून काढायचा हा शेवटचा प्रयत्न होता, असं पत्रातच कबूल केलं आहे. कंपनी जेव्हा स्वतःच्याच मालकांकडून काही विकत घेते तेव्हा किंमत योग्य आहे का हे तर बघायचंच. पण पैसे नक्की कुठून दिले जाणार आहेत, हेही विचारायचं असतं. तो दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

मायक्रोमीटर कोणाच्या हातात होता

ऑडिटर होते प्राइस वॉटरहाऊस. ऑडिटर बहुतेक वेळा अंदाजाने लिहिलेल्या आकड्यांशी झगडत असतात. यंत्राचा घसारा किती वर्षांत काढायचा, बुडीत येण्याची तरतूद किती, अर्धवट प्रोजेक्टचं उत्पन्न किती धरायचं, यांत मतभेदाला जागा आहे. बँक शिलकेत ती नाही. ३० सप्टेंबरला संध्याकाळी खात्यात किती पैसे होते, याचं उत्तर पैशापर्यंत एकच असतं आणि ते कंपनीबाहेरच्या एका संस्थेकडे, बँकेकडे, लिहिलेलं असतं. ताळेबंदातला पडताळायला सगळ्यात सोपा आकडा हाच. आणि खोटेपणा नेमका तिथेच लपला.

पडताळणीची रीत ठरलेली आहे. ऑडिटर बँकेला पत्र लिहितो, स्वतः पाठवतो, आणि उत्तर बँकेकडून थेट ऑडिटरच्या पत्त्यावर येतं. कंपनी फक्त संमतीची सही करते. आज भारतात त्याचं मानक एसए ५०५ आहे, आणि त्याचा गाभा एवढाच की पत्र जाताना आणि येताना त्यावर ताबा ऑडिटरचाच हवा. सत्यमच्या बाबतीत, एसईसीच्या २०११ च्या आदेशाप्रमाणे, ऑडिटरने हा ताबा पूर्णपणे कंपनीच्या व्यवस्थापनाच्या हाती सोडला होता.

शॉप फ्लोअरवरच्या माणसाला हे लगेच कळतं. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, कॅलिब्रेशनला (अचूकता तपासायला) द्यायचा असतो तो बाहेरच्या लॅबला, आणि लॅबचा दाखला थेट क्वालिटी विभागाकडे यायला हवा. जॉब बनवणारा ऑपरेटरच म्हणाला, "द्या, मीच लॅबमध्ये नेऊन आणतो," आणि संध्याकाळी दाखला आणून दिला, तर त्या दाखल्याचं मोल शून्य. दाखला खरा असेलही. पण तो खरा आहे हे त्या कागदावरून कळत नाही. मापाच्या साखळीत एक कडी ज्याचं मोजायचं त्याच्याच हातात गेली की पुढचं सगळं दशांशापर्यंतचं मोजमाप वाया.

कोणत्या कसोट्या फसल्या

वार्षिक अहवाल वाचताना इंजिनिअरला जे तीन-चार ठोकताळे शिकवले जातात, ते सत्यमवर लावून पाहणं उद्बोधक आहे.

मार्जिन धंद्यातल्या इतरांशी ताडून बघा, म्हणतात. २४ टक्के हे भारतीय सॉफ्टवेअर निर्यातदाराला शोभणारंच होतं. खटकायला हवं ते ३ टक्के, आणि ते कुणाला दिसतच नव्हतं. येण्याचे दिवस बघा, म्हणतात. ९० दिवस, काही वावगं नाही. नफा आणि कामकाजातून आलेली रोकड यांची तुलना करा, नफा दिसतो पण रोकड येत नसेल तर सावध व्हा, हा सगळ्यात लाडका ठोकताळा. एरवी तो खरंच चांगला आहे. येणं फुगवणारी, माल पडून ठेवून विक्री दाखवणारी कंपनी तो पकडतो. पण कॅश फ्लो स्टेटमेंट बनतं ते दोन ताळेबंदांतल्या फरकावरूनच. बँकेची शिल्लकच खोटी असेल तर त्यातली कामकाजाची रोकड आपोआप भरघोस दिसणार. आपण तपासतोय तो आकडा आणि ज्याच्याशी ताडतोय तो आकडा, दोन्ही एकाच हाताने लिहिलेले.

कराचा एक ताळा असतो: कंपनीने खरोखर किती कर भरला ते बघा, कारण खोट्या नफ्यावर खरा कर भरायची हौस कुणाला नसते. इथे तोही बोथट होता. सॉफ्टवेअर निर्यातीच्या नफ्याला आयकर कायद्याच्या कलम १०ए खाली तेव्हा सूट होती, ती मार्च २०११ पर्यंत चालली. नफा मोठा आणि कर कमी, हे सगळ्या क्षेत्राचंच चित्र होतं.

मग काही उपयोगी पडलं असतं का? आमच्या मते दोन गोष्टी. एक म्हणजे प्रवर्तकांचा घटत चाललेला हिस्सा आणि त्यांनी गहाण टाकलेले शेअर. ज्या कंपनीकडे पाच हजार कोटी पडून आहेत तिच्या मालकांना आपले शेअर गहाण का टाकावे लागतात? पण हा प्रश्न बाहेरच्याला विचारता आला नसता, कारण गहाण शेअर जाहीर करण्याची सक्ती भारताच्या शेअरबाजार नियामकाने, सेबीने, केली ती जानेवारी २००९ मध्येच, सत्यमनंतर.

दुसरी गोष्ट आतल्या माणसाच्या हातातली आहे, आणि ती खास इंजिनिअरची: पैशाचा आकडा भौतिक आकड्याशी ताडणं. जाहीर उत्पन्न भागिले माणसं: २,७०० कोटी भागिले ५३,०००, म्हणजे तिमाहीला माणशी ५ लाख ९ हजार. खऱ्या उत्पन्नावर माणशी ३ लाख ९८ हजार. एका माणसामागे लाखाहून जास्त तफावत. कारखान्यात असाल तर विक्री भागिले तास, विक्री भागिले टन, विजेची युनिटं भागिले नग. सॉफ्टवेअरमध्ये बिल होणारे तास गुणिले दर. विभागप्रमुखांनी आपापल्या विभागाचे बिलिंगचे आकडे एका टेबलावर मांडून बेरीज केली असती आणि ती कंपनीच्या जाहीर आकड्याशी ताडली असती, तर ५८८ कोटींचा फरक पहिल्या दुपारी समोर आला असता. प्रत्येकाकडे आपला तुकडा होता. बेरीज फक्त वित्त विभागाकडे होती.

तुमच्या कंपनीत हे करून बघायचं झालं तर बिलिंगचा अहवाल मागू नका. टाइमशीट किंवा गेटपास किंवा डिस्पॅचच्या मूळ नोंदी घ्या आणि तिथून बिलाकडे जा. मग उलटंही करा: वीस बिलं उचला आणि मागे मूळ नोंदीपर्यंत जा. पहिल्या दिशेने बिल करायचं राहून गेलेलं काम सापडतं, दुसऱ्या दिशेने न केलेल्या कामाचं बिल.

पुढे

पत्राच्या दिवशी शेअर १७९ रुपयांवरून ४० च्या आसपास आला. सरकारने जुनं संचालक मंडळ बरखास्त करून किरण कर्णिक, दीपक पारेख आणि सी. अच्युतन यांना नेमलं. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली. अपिलात पुढच्याच महिन्यात ती स्थगित होऊन त्यांना जामीन मिळाला. सेबीने २०१८ मध्ये प्राइस वॉटरहाऊसवर दोन वर्षांची बंदी घातली, ती अपीलीय न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये रद्द केली. कंपनी कायदा २०१३ मध्ये ऑडिटर ठरावीक मुदतीनंतर बदलण्याची सक्ती आली.

कंपनी मात्र वाचली, आणि का वाचली तेही ताळेबंदातच आहे. ७,१३६ कोटी गेल्यावरही २,१६१ कोटींचं येणं खरं होतं. ग्राहक खरे होते, ५३,००० माणसं सकाळी कामावर येत होती आणि दर तिमाहीला २,००० कोटींहून जास्त खरी बिलं निघत होती. एप्रिल २००९ मध्ये बोली लागली. लार्सन अँड टुब्रोने शेअरला ४५ रुपये ९० पैसे लावले, पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्राने ५८ रुपये. ३१ टक्के हिश्शासाठी १,७५७ कोटी, आणि हे पैसे कुणा जुन्या भागधारकाला मिळाले नाहीत. सत्यमने साधारण ३०.३ कोटी नवे शेअर काढले आणि पैसे थेट कंपनीत आले. शेअरची दर्शनी किंमत २ रुपये, म्हणून नोंद अशी: बँक नावे १,७५७ कोटी. भागभांडवल जमा सुमारे ६१ कोटी, शेअर प्रीमियम, म्हणजे दर्शनी किमतीच्या वरची रक्कम, जमा सुमारे १,६९६ कोटी. यातल्या 'बँक नावे'चा ताळा बँकेकडून घेता येत होता.